प्रभागाची हद्द नक्की कुठून जाते? ठाणे-नवी मुंबईच्या प्रभागांचा खुला नकाशा हवा आहे

केतकी_मानपाडा (१ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

गेले दोन पावसाळे आम्ही काहीजणी घोडबंदर रोडच्या पट्ट्यात, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत, पाणी कुठे कुठे तुंबतं त्याची नोंद ठेवतोय. फोनवर जागा टिपायची, तारीख आणि वेळ घालायची, पाणी घोट्यापर्यंत होतं की गुडघ्यापर्यंत आणि किती वेळाने ओसरलं ते लिहायचं. एवढंच. आता दोनशेच्या आसपास नोंदी झाल्यात. त्यातल्या काही जागा अशा आहेत की सर जोरात आली की तिथे पाणी भरणारच.

निवडणूक झाली, नवे नगरसेवक आले. म्हटलं, प्रत्येक प्रभागाची वेगळी यादी करू आणि नालेसफाई सुरू व्हायच्या आत त्या त्या नगरसेवकांच्या हातात देऊ. तिथेच गाडी अडली. प्रभागाचा नकाशा सोसायटीच्या ग्रुपवर आला, तो नकाशाच्या फोटोचा फोटो. मोठा करून बघितला तर हद्दीची लाल रेघ रस्त्यापेक्षा जाड! आमच्या नोंदीतल्या बऱ्याच जागा रस्त्याच्या कडेच्याच आहेत. रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यावरून सांगता येईना.

मी शाळेत भूगोल शिकवते, संगणकातली नाही. तरी एवढं कळतं की हद्दीची फाईल मिळाली तर दोनशे जागांची प्रभागवार वाटणी दोन मिनिटांचं काम आहे. ठाण्याच्या ३३ प्रभागांची अशी फाईल (केएमएल, जिओजेसन, शेपफाईल, नकाशाच्या फाईलचा कुठलाही प्रकार चालेल) कुणाकडे आहे का? नसेल तर करता येईल का?

माझं मत आधीच सांगते. मी कुठल्या प्रभागात राहते हे ठरवणारी रेघ माझ्यापासून लपवण्यासारखी काहीच नाही. ती वापरता येईल अशा रूपात सगळ्यांना मिळायला हवी.

---

खारेगावकर (१ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

केतकीताई, आधी एक विचारतो. हद्द प्रभागाची हवी की प्रभाग समितीची? नालेसफाई, कचरा, खड्डे ही कामं प्रभाग समितीच्या कार्यालयातून चालतात. त्या ठाण्यात नऊ आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, वर्तकनगर, लोकमान्य-सावरकरनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. निवडणुकीचे प्रभाग ३३, नगरसेवक १३१. ३२ प्रभागांतून चार-चार आणि एकातून तीन. बोलताना आपण दोन्हीला 'वॉर्ड'च म्हणतो, म्हणून लोक चुकीच्या दारात जातात.

---

केतकी_मानपाडा (१ फेब्रुवारी, रात्री १०:५१)

दोन्ही हव्यात. पण सुरुवात निवडणुकीच्या प्रभागापासून.

---

सेक्टर_सतरा (१ फेब्रुवारी, रात्री ११:२६)

वाशीकर हजर. आमच्याकडे नावांचा गुंता याहून मोठा आहे. सिडकोने दिलेले नोड (म्हणजे वाशी, नेरुळ असे मोठे भाग) आणि सेक्टर वेगळे, महापालिकेची विभाग कार्यालयं वेगळी (बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा), निवडणुकीचे प्रभाग वेगळे आणि विधानसभेचे ऐरोली-बेलापूर मतदारसंघ आणखी वेगळे. पत्ता सांगताना नोड आणि सेक्टर सांगितलं की सगळ्यांना कळतं. प्रभाग विचारला की घरातली चार माणसं चार आकडे सांगतात.

त्याला कारणही आहे. २०१५ च्या निवडणुकीत नवी मुंबईत १११ प्रभाग होते, एका प्रभागाला एक नगरसेवक. या वेळी जागा तेवढ्याच १११, पण प्रभाग २८. लोकांच्या डोक्यात अजून जुना आकडा आहे. नेटवर कुणाला नवी मुंबईच्या प्रभागांची फाईल सापडली तर आधी त्यातले तुकडे मोजा. १११ निघाले तर ती २०१५ ची आहे, आज कामाची नाही.

---

येऊरवारा (२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५)

चांगला धागा, वाचनखूण साठवली.

डेटामीट नावाचा खुल्या डेटावर काम करणाऱ्यांचा देशभराचा गट आहे. त्यांनी गिटहबवर अनेक शहरांच्या प्रभागहद्दी एका ठिकाणी ठेवल्या आहेत. माणसांनी वेळ काढून, पीडीएफवरून रेषा काढून, तपासून केलेलं काम आहे. सुरुवात तिथून करा. पण कुठलीही फाईल उघडली की हद्द कुठल्या वर्षाची ते आधी बघा. ठाण्याच्या बाबतीत तर सापळाच आहे. २०२२ साली तीन सदस्यांच्या प्रभागांची रचना झाली होती, १४२ जागा धरून. ती रद्द झाली. तिचे नकाशे मात्र अजून फिरतात, आणि दिसायला अगदी अधिकृत दिसतात.

---

पक्या_कोपरी (२ फेब्रुवारी, सकाळी ९:१८)

राग मानू नका ताई, पण एवढा खटाटोप कशासाठी? आमच्याकडे पाणी तुंबलं की नाक्यावरच्या शाखेत जातो नाहीतर नगरसेवकाला फोन लावतो. माणूस येतो, बघून जातो. नकाशा बघून कुणी नाला साफ केलाय का आजवर?

---

केतकी_मानपाडा (२ फेब्रुवारी, दुपारी १:३०)

पक्यादादा, राग कसला. कोपरीत पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, नगरसेवक ओळखीचा असतो. आमच्या बाजूला पाच-सहा वर्षांपूर्वी आलेल्या इमारती आहेत. माझ्या शेजारणीला चारपैकी एकाही नगरसेवकाचं नाव माहीत नाही. फोन कुणाला करायचा?

आणि फोनने एक जागा साफ होते. त्याच प्रभागात तशाच अठरा जागा आहेत आणि त्या सगळ्या एकाच नाल्याच्या काठाला आहेत, हे यादीशिवाय दिसत नाही.

---

भूमापक_निवृत्त (२ फेब्रुवारी, रात्री ९:४४)

आयुष्यभर मोजणीचे काम केले, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. थोडे लांबेल.

प्रभागाची रेषा कशी जन्माला येते हे आधी समजून घ्या. पाया आहे जनगणनेचा, आणि आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८,४१,४८८ होती. तिला १३१ ने भागा, एका जागेमागे साधारण १४,०५७ माणसे येतात. चार जागांच्या प्रभागाला ५६ हजारांच्या आसपास. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे कागदावर प्रत्येक प्रभाग साधारण साडेपन्नास ते पावणेबासष्ट हजारांच्या मध्ये बसवावा लागतो.

हे बसवताना वापरायची वीट म्हणजे प्रगणक गट. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला वाटून दिलेला, साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा तुकडा. तो शक्यतो फोडायचा नाही. उत्तरेकडून सुरुवात करायची, ईशान्येकडे जायचे, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवटी दक्षिणेला यायचे. प्रभागांचे क्रमांकही त्याच ओघाने पडतात. हद्द शक्यतो रस्ता, नाला, खाडी, लोहमार्ग, डोंगर अशा जमिनीवर दिसणाऱ्या खुणांवरून न्यायची.

आता केतकीताईंच्या भागाचा विचार करा. २०११ मध्ये घोडबंदर पट्ट्यात जिथे मोकळी जमीन होती तिथे आज पंचवीस-तीस मजले आहेत. कागदावरची माणसे तेवढीच, म्हणून प्रभाग क्षेत्रफळाने ऐसपैस. नौपाड्याचा प्रभाग तुम्ही पायी फिरून याल, तिकडचा प्रभाग फिरायला रिक्षा लागेल. नवी जनगणना होईपर्यंत हे असेच राहणार.

सगळ्यात महत्त्वाचे शेवटी सांगतो. नकाशावरची लाल रेघ गिरवत बसू नका. प्रभाग रचनेच्या अधिसूचनेत नकाशासोबत प्रत्येक प्रभागाचे शब्दांत वर्णन असते: व्याप्ती आणि चतुःसीमा. "अमुक चौकापासून तमुक रस्त्याने पूर्वेकडे नाल्यापर्यंत, तेथून नाल्याने दक्षिणेकडे…" असे. रेघ जाड असेल, पण शब्द नेमका असतो. चतुःसीमा हातात घ्या आणि शब्दामागून चालत जा. मोजणीत आम्ही हेच करत आलो.

---

येऊरवारा (२ फेब्रुवारी, रात्री १०:०२)

काका, दंडवत. मी तीन वर्षं पीडीएफवरच्या रेघा गिरवतोय. चतुःसीमेचं पान दर वेळी उलटून पुढे गेलो.

---

दुर्वा_पाचपाखाडी (२ फेब्रुवारी, रात्री १०:३५)

या वेळी मतदान करताना आमच्या इमारतीतल्या तीन घरांची नावं शेजारच्या प्रभागाच्या यादीत निघाली. इमारत एक, जिना एक आणि मतदान केंद्रं दोन. म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन भर दुपारी आम्ही पलीकडच्या केंद्रावर गेलो. प्रारूप यादी लागली होती तेव्हा हरकत घेता आली असती. पण हद्द आमच्या मागच्या भिंतीवरून जाते की पुढच्या रस्त्यावरून, हेच आम्हाला माहीत नव्हतं. फाईल असती तर शेजारच्या मुलाने पाच मिनिटांत दाखवलं असतं. माझं केतकीला पूर्ण अनुमोदन.

---

माई_चेंदणी (३ फेब्रुवारी, सकाळी ६:२०)

नातवाने हा धागा वाचून दाखवला. मला ते फाईलचं काही कळत नाही, पण नाल्यांचं कळतं.

माझं माहेर उथळसरचं. घरामागून नाला जायचा. पावसाळ्यात त्याचा आवाज घरात यायचा, आई म्हणायची, नाला बोलायला लागला, आता कपडे आत घ्या. त्याच्यावर फळी टाकलेली असायची, ती ओलांडून मैत्रिणीकडे जायचे. आता तिथे वर स्लॅब आहे आणि स्लॅबवर रिक्षा उभ्या असतात. नव्या माणसाला विचारलं तर म्हणेल, इथे नाला कुठे आहे?

तुमच्या त्या कागदात "नाल्याने दक्षिणेकडे" लिहिलं असेल तर तो नाला आधी कुणीतरी दाखवावा लागेल. त्या भागातला मी दाखवीन. गुडघे दुखतात, रिक्षाने नेलंत तर येते.

---

खारेगावकर (३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५)

माई, रिक्षा माझ्याकडून. 🙏

---

ऐरोलीकर (३ फेब्रुवारी, दुपारी १२:५०)

शहराच्या आतल्या रेघांचं चाललंय तर शहराच्या बाहेरच्या रेघेबद्दलही लिहितो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून आलात की थोड्याच वेळात तुम्ही ठाणे महापालिकेतून नवी मुंबईच्या दिघ्यात येता. रस्ता तोच, दुकानांची रांग तीच. माझ्या एका मित्राचं गोडाऊन त्या टोकाला आहे. दर वेळी तक्रार करताना त्याला आधी शोधावं लागतं की दिव्याचा खांब कुणाच्या हद्दीत येतो.

दुसरी गोष्ट १४ गावांची. शीळफाट्याच्या पलीकडची ही गावं पूर्वी नवी मुंबई महापालिकेत होती, मग वगळली गेली, आणि २०२४ मध्ये पुन्हा घेतली. ती पारसिकच्या डोंगराच्या पलीकडे आहेत. म्हणजे नवी मुंबईची सीमा दाखवणारा नकाशा डोंगरापाशी थांबत असेल तर तो जुना समजायचा. किती तरी ॲपमध्ये अजून तसाच आहे. गावातल्या माणसाने तक्रारीचं ॲप उघडलं आणि ते म्हणालं "आपण महापालिका क्षेत्राबाहेर आहात", तर त्याने काय करायचं? तो कर तर भरणारच आहे.

---

काळाकोट (३ फेब्रुवारी, रात्री १०:१०)

कायद्याच्या बाजूने थोडं.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. कलम २(च) मधली माहितीची व्याख्या बघा, तीत इलेक्ट्रॉनिक रूपातला मजकूरही येतो. कलम ७(९) सांगतं की माहिती साधारणपणे ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यावी, फक्त त्यासाठी यंत्रणेवर अवाजवी ताण येत असेल किंवा अभिलेखाच्या सुरक्षिततेला धोका असेल तर नाही. म्हणून अर्जात "नकाशाची प्रत" असं मोघम लिहू नका. "प्रभाग हद्दींची केएमएल किंवा शेप स्वरूपातील संगणकीय फाईल" असं लिहा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा, दीडशे शब्दांत आटपा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच्याही आधीचं कलम ४ आहे. लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये, इतकी माहिती स्वतःहून उघड करावी, असं त्यात म्हटलंय. प्रभागाची हद्द त्यात बसत नसेल तर काय बसेल?

आता "आपण केलेली फाईल नेटवर टाकली तर कुणी हरकत घेईल का" ही शंका. अंतिम प्रभाग रचना राजपत्रात प्रसिद्ध होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(थ) प्रमाणे, अधिनियम वगळता, राजपत्रातला मजकूर पुन्हा छापणं हा भंग ठरत नाही. चतुःसीमेच्या शब्दांवरून तुम्ही स्वतः रेषा काढलीत तर ती मेहनत तुमची.

(कलम ५२ च्या पोटकलमांची मराठी अक्षरं वेगवेगळ्या प्रतींत वेगळी दिसू शकतात. इंग्रजी प्रतीत ते 'क्यू' आहे.)

आणि एक. प्रभाग रचना अंतिम झाली की न्यायालयात ती रेषा बदलून घेणं जवळपास अशक्य. संविधानाच्या अनुच्छेद २४३ यछ मध्ये तसा अडसरच आहे. खरी संधी असते ती प्रारूप रचना लागल्यापासून हरकतींची मुदत संपेपर्यंत. तेवढ्या दिवसांत सामान्य माणसाला रेषा घरबसल्या वाचता आली पाहिजे. आज काम करायचंय ते त्यासाठी.

---

निशिगंध (३ फेब्रुवारी, रात्री ११:०५)

काळाकोट, तुम्ही म्हणता तसा अर्ज मी दुसऱ्या एका शहरात केला होता. तेव्हा मी तिथे राहायचे. फाईल मागितली होती. उत्तर आलं की कार्यालयात येऊन नकाशा पाहावा. गेले. भिंतीवर टांगलेला, काचेमागचा नकाशा. फोटो काढू दिला, काचेत ट्यूबलाइट आली. पहिलं अपील केलं, तेव्हा सीडी मिळाली. सीडीत काय, तर त्याच नकाशाचं स्कॅन. तिथे मी थकले.

असं होऊ शकतं हे माहीत असू द्या, म्हणून लिहिलं. अर्ज करूच नका असं म्हणत नाही.

---

काळाकोट (३ फेब्रुवारी, रात्री ११:२०)

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे असतं. पण खरं आहे, तोवर माणूस थकतो. म्हणूनच एकट्याने करायचं नाही.

---

टेम्सकाठचा_नौपाडकर (४ फेब्रुवारी, पहाटे ३:१५)

लंडनहून. इथे ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी नकाशा संस्था 'बाउंडरी-लाइन' नावाचा संच देते. त्यात सगळ्या निवडणूक प्रभागांच्या हद्दी असतात. २०१० पासून तो मोफत आणि खुला आहे. पण त्याआधी तो विकतच होता, आणि तो खुला व्हावा म्हणून लोकांनी, वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली होती. इथेही ते आपोआप झालं नाही.

अवांतर: गोखले रोडवर राहायचो. तलावपाळीला संध्याकाळी अजून तेवढीच गर्दी असते का?

---

दुर्वा_पाचपाखाडी (४ फेब्रुवारी, सकाळी ८:४०)

@टेम्सकाठचा, तेवढीच म्हणजे, आता बसायला कठडा मिळत नाही. या कधी, भेळ आमच्याकडून.

---

येऊरवारा (४ फेब्रुवारी, रात्री ९:००)

ठरवूनच टाकू. मी क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. कामाची रीत सांगतो.

पीडीएफमधला नकाशा फक्त खालचा आधार म्हणून घ्यायचा. त्यावर दहा-बारा पक्क्या जागा निवडायच्या. रेल्वे स्टेशनचा पूल, तीनहात नाका, कापूरबावडीचा चौक, मासुंदा तलावाचे कोपरे, म्हणजे न हलणाऱ्या गोष्टी. त्यांचे अक्षांश-रेखांश देऊन नकाशा जागेवर बसवायचा. मग भूमापक काकांनी सांगितलं तसं चतुःसीमा वाचत रेषा काढायची.

नवखे इथे चुकतात: दोन शेजारी प्रभाग वेगवेगळे गिरवतात. मग मध्ये कुठे फट राहते, कुठे एकावर एक चढतं. त्या फटीत पडलेलं घर कुठल्याच प्रभागात येत नाही. म्हणून सामाईक हद्द एकदाच काढायची आणि दोन्हीकडे तीच रेषा वापरायची. शेवटी ३३ तुकड्यांची बेरीज शहराच्या बाहेरच्या सीमेशी जुळली पाहिजे.

ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून केलेला खुला नकाशा) चढवायचं असेल तर गूगलच्या उपग्रहचित्रावरून काहीही गिरवू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादकातच वापराची परवानगी असलेली चित्रं आहेत, तीच घ्या. आणि प्रत्येक तुकड्याला प्रभाग क्रमांकाबरोबर अधिसूचनेची तारीख जोडा. २०१७ ची रचना असेल तर तीही वेगळी जपून ठेवायची, पुसायची नाही. जुन्या आणि नव्या निकालांची तुलना कधीतरी कुणालातरी करायची असेल.

---

भूमापक_निवृत्त (४ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

येऊरवारा, रीत उत्तम. पण एक ठाम मत मांडतो. शंभर टक्के तपासल्याखेरीज ती फाईल लोकांसाठी खुली करू नका. नकाशा चुकला तर लोक कागदालाच खरे मानतात. चुकीच्या रेषेवरून शेजाऱ्यांची भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

---

येऊरवारा (४ फेब्रुवारी, रात्री १०:०५)

काका, इथे माझं मत वेगळं आहे. शंभर टक्के होण्याची वाट बघितली तर ती कधीच बाहेर यायची नाही. अपुरी असली तरी खुली केली की ज्याच्या दारावरून रेषा जाते तोच चूक दाखवतो. आपण चार जण बसून तपासण्यापेक्षा ते जास्त पक्कं.

---

दुर्वा_पाचपाखाडी (५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०)

मला दोघांचं पटतं. पण आमच्या घरच्या अनुभवावरून सांगते, चुकीच्या माहितीने म्हातारं माणूस उन्हात चालतं. मतदानाच्या कामासाठी ही फाईल वापरू नये, असं तिच्यावरच ठळक लिहिलं पाहिजे.

---

भूमापक_निवृत्त (५ फेब्रुवारी, सकाळी १०:१५)

रात्रभर विचार केला. मधला मार्ग आहे. प्रत्येक रेषेच्या तुकड्याला एक खूण द्या: 'चालून पाहिली' किंवा 'कागदावरून काढली'. मोजणीच्या कच्च्या नकाशात आम्हीही खात्रीची रेषा सलग आणि शंकेची तुटक काढत असू. तसे केलेत तर माझी हरकत नाही. उलट, चालायला मीही येतो.

---

केतकी_मानपाडा (८ फेब्रुवारी, रात्री ८:३०)

आज आम्ही सहा जण चाललो. सकाळी साडेसहाला सुरुवात केली, भूमापक काका काठी आणि छापील चतुःसीमा घेऊन पुढे. आमच्या प्रभागाची जवळजवळ निम्मी हद्द झाली. जे दिसलं ते सांगते.

डोंगराच्या बाजूची रेषा सोपी असेल असं वाटलं होतं, पण तीच सगळ्यात अवघड. "डोंगराच्या पायथ्याने" असे शब्द आहेत. आता पायथा कुठे सुरू होतो? आहे त्या वस्तीच्या शेवटच्या घरापाशी, की त्यामागच्या वनविभागाच्या भिंतीपाशी? तिथे काकांनी तुटक रेषा काढायला लावली.

घोडबंदर रोडवर दुसरा प्रश्न. "घोडबंदर रस्त्याने" म्हणजे मेट्रोचे खांब आहेत त्या दुभाजकावरून की रस्त्याच्या एका कडेवरून? शिवाय सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेण्याचं काम चाललंय, त्यामुळे कडाच सरकतेय. काका म्हणाले, वर्णनात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर रस्त्याचा मध्य धरायचा, मोजणीची तीच रीत. आम्ही तसं धरलं, आणि तसं धरलंय हे फाईलमध्ये लिहून ठेवलं.

नाला मात्र सापडेना. चतुःसीमेत आहे, पीडीएफमध्ये निळी रेघ आहे, समोर सोसायटीचं पार्किंग. वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "पावसात या, पार्किंगमधल्या झाकणांतून आवाज येतो." झाकणांच्या रांगेवरून आम्ही रेषा काढली. त्या क्षणी मला माईंची आई आठवली.

आणि गंमत म्हणजे आमच्या नोंदीतल्या, दर सरीला तुंबणाऱ्या जागांपैकी चार त्याच झाकणांच्या रांगेवर आहेत. दोन वर्षं आम्ही त्यांना चार वेगवेगळ्या जागा समजत होतो.

---

खारेगावकर (८ फेब्रुवारी, रात्री ९:०५)

माईंना घेऊन मीही आज उथळसरला गेलो होतो. त्यांनी नाल्याची तीन वळणं दाखवली, न चुकता. एका जागी थांबून म्हणाल्या, इथे फळी होती. मी तिथलं लोकेशन टिपून येऊरवाराला पाठवलंय. पीडीएफमधली निळी रेघ त्या जागेपासून जेमतेम रस्ताभर अंतरावर आहे.

---

सेक्टर_सतरा (९ फेब्रुवारी, सकाळी ११:००)

वाशीत आम्ही तिघे तयार आहोत. आमच्याकडे सेक्टरच्या रस्त्यांमुळे काम सोपं जाईल, गावठाणांत वेळ लागेल. गावठाणातल्या गल्लीला कागदावर नाव नसतं, तिथे गावातल्याच कुणाला तरी बरोबर घ्यावं लागणार. ऐरोलीकर, १४ गावांची बाजू तुम्ही बघाल का?

---

ऐरोलीकर (९ फेब्रुवारी, दुपारी १:१०)

बघतो. मित्राकडे बाइक आहे. डोंगर चढून नाही, शिळफाट्यावरून जाऊ.

---

येऊरवारा (१५ फेब्रुवारी, रात्री १०:४५)

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला आता उत्तर देतो. तयार फाईल कुणाकडे आहे का? नव्या ३३ प्रभागांची मला कुठेही मिळाली नाही. करता येईल का? घोडबंदर पट्ट्यातल्या प्रभागांची पहिली आवृत्ती झाली आहे. सलग रेषा चालून पाहिलेल्या, तुटक कागदावरून. वर ठळक अक्षरांत लिहिलंय की मतदानाच्या कामासाठी अधिकृत यादीच पाहावी. केतकीताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

काळाकोटांनी लिहून दिलेला माहिती अधिकाराचा अर्जही सोमवारी जातोय. अधिकृत फाईल आली तर आपली तिच्याशी ताडून पाहू.

---

केतकी_मानपाडा (१६ फेब्रुवारी, रात्री ११:१०)

मिळाली. नोंदी टाकल्या आणि खरंच दोन मिनिटांत यादी प्रभागवार झाली. अकरा जागा मात्र अगदी हद्दीच्या रस्त्यावर पडल्या. त्या मी दोन्ही प्रभागांच्या यादीत घातल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे लिहिलंय, "ही जागा शेजारच्या प्रभागालाही कळवली आहे". आता ती माझी नाही असं कुणालाच म्हणता येणार नाही.

पार्किंगखालच्या नाल्याचं वेगळं पान केलं. चारही नगरसेवकांची वेळ मागितली आहे, दोघांचा होकार आला.

---

पक्या_कोपरी (१७ फेब्रुवारी, सकाळी ८:५५)

ताई, मी पहिल्या दिवशी आडवं बोललो होतो. काल आमच्या इथे पाइप फुटला. फोन केला तर समजलं, तो भाग आता आमच्या नगरसेवकाकडे नाही, रचना बदलली. दुसरा नंबर शोधेपर्यंत रस्ताभर पाणी.

कोपरीची रेषा अजून कुणी चाललं नसेल तर मला चतुःसीमेचं पान पाठवा. रविवारी मी आणि शाखेतली दोन पोरं निघतो. खाडीकडची बाजू आम्हाला पाठ आहे.

---

भूमापक_निवृत्त (१७ फेब्रुवारी, सकाळी ९:४०)

पान पाठवले आहे. ओहोटीची वेळ बघून निघा. भरतीच्या वेळी खाडीची कड दिसत नाही.